आईच्या कोंबड्या

अण्णा, परसात पुन्हा कोंबड्या आल्या आहेत. मी आणल्यात. तुम्ही घातलेली फरशी उचकटून आणल्यात. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले आहे. दुसरं कोण सांगणार म्हणा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हॉलमधल्या तुमच्या फोटोची काच एकदा बदलून झाली. पण दादा, माझ्याहून धाकटा असून तुम्हीच ज्याला सगळ्यांचा दादा केलंत तो, अजून घरातली कुठलीही गोष्ट ठरवताना त्या फोटोकडे बघून बोलतो, "अण्णा असते तर" असं म्हणतो, आणि मग जे त्याला हवं असतं तेच तुम्हालाही हवं असतं. म्हटलं, एकदा माझ्याकडचंही तुम्ही ऐकून ठेवा.

धायरी तुम्हाला आता ओळखू यायची नाही. तुम्ही होतात तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे चुलत्यांचं ज्वारीचं रान होतं. आता तिथे सोसायटी आहे. तिच्या गॅलऱ्यांमधून आमचं सगळं परस दिसतं, कुणाच्या दोरीवर काय वाळतंय इथपर्यंत. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी आणि आई खाली. माझी बसवरची ड्यूटी बहुतेक पहाटेची असते. दुपारी घरी येते, जेवते, आईला जेवायला घालते. दादा वाईट वागत नाही. वहिनीही नाही. पण त्यांचं सगळं वर असतं आणि आईचं सगळं खाली. मधल्या जिन्यावरून दिवसातून एकदा कुणीतरी खाली येतं आणि "काय आई, बरी आहेस ना?" असं विचारून जातं.

गेल्या थंडीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. हाड जुळलं, पण आई बोलायची थांबली. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही मानेनं. दिवसभर मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले, ताकद कमी झालीय, रोज एक अंडं द्या. तुम्हाला माहीतच असेल, किंवा नसेलही, तुम्ही कधी बघितलं होतंत का कुणास ठाऊक, पण आई अंडं खात नाही. कोंबडीही नाही. आम्हाला सगळं करून घालते, स्वतः बोट लावत नाही. दादा म्हणतो, तिला पहिल्यापासून आवडत नाही. पहिल्यापासून नाही. कधीपासून ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी घरात होते.

एका दुपारी ड्यूटीवरून आले तर आई खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून ताटातला भात फरशीवर टाकत होती, आणि तोंडानं कोंबड्यांना बोलावतात तसा आवाज काढत होती. बाहेर पारवे होते. सोसायटीच्या पाइपांवर राहतात ते माजलेले पारवे. मी दारात उभी राहून ऐकत होते. अण्णा, तो आवाज मी सातवीत असताना शेवटचा ऐकला होता. आईनं मागं वळून मला बघितलं आणि लाजली. चोरी सापडल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "काय न्हाय गं, उरला होता भात."

आता तो दिवस. तुम्ही कधी आठवला असेल असं मला वाटत नाही, कारण तुमच्या दृष्टीनं तो चांगला दिवस होता. खालच्या अंगाचा तुकडा विकून तुम्ही हा बंगला बांधला होतात. गावात आपल्या भावकीत पहिला स्लॅब आपला. वास्तुशांत झाली, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही कारखान्यातल्या साहेबांना जेवायला बोलावलंत. आईच्या कोंबड्या तेव्हा परसात होत्या. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं तिच्याबरोबर डालग्यात एक कोंबडी दिली होती, त्या कोंबडीची ती पिढी. घरात आईची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. शेत तुमचं, घर तुमचं, आम्ही पोरंही तुमची, शाळेत तुमचंच नाव लावायची. कोंबड्या मात्र तिच्या. कुठली खुडूक बसवायची, कुठल्या घरी अंडी द्यायची, कुणाच्या बाळंतिणीला कोंबडी पाठवायची, हे ती ठरवायची आणि तुम्हालासुद्धा विचारायची नाही.

त्या सकाळी तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "साहेबांना गावठीच पाहिजे. सगळ्या घ्या कापून. नाहीतरी आता बंगल्यात ती घाण नको." आई म्हणाली, "सगळ्या?" तुम्ही म्हणालात, "मग काय एकेकीला विचारू?" आणि हसलात. तुमचा चुलतभाऊ आला, त्यानं मागे बसून कापल्या. साफ करायला आई बसली, आणि परात धरायला मी. काळी कोंबडी आठवते का तुम्हाला? नसेलच आठवत. ती अंड्यावर होती. आईनं तिचं पोट उघडलं तर आत अंड्यांचा घोस. एक कवच आलेलं, बाकीची पिवळी, लहान लहान होत गेलेली, शेवटी शेवटी अगदी मोहरीच्या दाण्याएवढी. आई हातात तो घोस धरून नुसती बसून राहिली. मग उठून हात धुतले, आणि वाटण वाटायला घेतलं.

संध्याकाळी साहेब बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, या चवीला तोड नाही." तुम्ही मोठ्यानं आत सांगितलंत, "अगं, वाढ, साहेबांना वाढ." ती वाढत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होते, आणि मला वाटत होतं की आता ती काहीतरी बोलेल, निदान पळी आपटेल. तिनं साहेबांना आणखी एक पळी वाढली. सगळे गेल्यावर तिनं आम्हा दोघांना वाढलं आणि स्वतः ताकाशी भाकरी खाल्ली. पुढच्या आठवड्यात गवंडी आला आणि परसात शहाबादी फरशी बसली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोटभर माती दिसायला नको म्हणून.

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. तुम्ही आम्हाला शिकवलंत, माझी दहावी झाली तेव्हा लक्ष्मी रोडवर नेऊन मनगटी घड्याळ घेऊन दिलंत, आणि दुकानदाराला म्हणालात, "मुलगी पहिल्या वर्गात आली." मी ते घड्याळ पट्टा तुटेपर्यंत वापरलं. पण तुमच्या घरात तुमचं एकदा ठरलं की बाकीच्यांनी वाढायला उभं राहायचं, ही रीत होती. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हाही तुम्ही म्हणालात, "चार दिवस राहा." आणि मी कंडक्टरची परीक्षा पास झाले तेव्हा म्हणालात, "आपल्या घरातली पोरगी पुरुषांच्या गर्दीत तिकिटं फाडणार? ह्यासाठी शिकवलं?" तरी मी गेले. मग तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडलंत.

एकदा स्वारगेटला तुम्ही माझ्याच बसमध्ये चढलात. मी आहे हे चढल्यावर तुम्हाला दिसलं, उतरायला तुमचा मान आडवा आला असणार. मी तिकिटं काढत काढत तुमच्यापर्यंत आले. तुम्ही पैसे पुढे केलेत आणि खिडकीबाहेर बघत म्हणालात, "एक धायरी फाटा." मी तिकीट दिलं, सुटे दिले. म्हटलं, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." तुम्ही सरकलात! अण्णा, आयुष्यात तुम्ही माझं ऐकलंत ते तेवढं एकदाच, आणि तेही गाडीत गर्दी होती म्हणून. पण तेव्हा मला कळलं की तुम्हाला सांगता येतं. आधी कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तर आईनं पारव्यांना भात घातला त्याच्या पुढच्या सुट्टीला मी शेजारून पहार मागून आणली आणि फरशी उचकटायला लागले. पहिली निघता निघेना. जुन्या गवंड्याचं काम, चांगलं कसून केलेलं. आवाज ऐकून दादा जिन्यावरून खाली आला.

"काय चाललंय हे?"

"कोंबड्या आणतेय. आईला."

"तुला वेड लागलंय का? मागे सोसायटी आहे, अगं, सगळे वेल-सेटल्ड लोक आहेत. वास येणार, कम्प्लेंट होणार. आईला अंडी पाहिजेत तर मी ऑनलाइन मागवतो ना. ऑर्गॅनिक मागवतो."

"अंडी आईला नकोयत."

"मग कोंबड्या काय शोभेला?" तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, अगदी तुमच्यासारखा. "अण्णा असते तर या फरशीला हात लावू दिला असता का?"

"अण्णा नाहीत," मी म्हटलं. "आणि पहारीचं दुसरं टोक धरणार असशील तर थांब, नाहीतर ऊन लागेल, वर जा."

तो वर गेला. आई खिडकीत होती. संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. फरशीखाली माती निघाली ती काळी, घट्ट, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली. मी ती कुदळीनं मोकळी केली. रस्त्यावरच्या वेल्डरकडून जुन्या खिडक्यांची जाळी जोडून एक खुराडं करून घेतलं, बोका आणि मुंगूस शिरणार नाही असं, वर पत्रा घातलेला.

कोंबड्या मी पानशेत रस्त्यावरच्या एका गावातून आणल्या. त्या गावची एक बाई वर्षानुवर्षं माझ्या गाडीत भाजीची पाटी घेऊन यायची. तिला विचारलं तर म्हणाली, "तलंगा देते. महिना-दीड महिन्यात अंड्यावर येतील. शहरात जगवशील ना पण?" मी म्हटलं, जगवीन. डालग्यावर जुनं लुगडं बांधलं आणि परतीच्या बसमध्ये बसले. त्या दिवशी मी ड्यूटीवर नव्हते, साडीत होते. कंडक्टर आमच्याच डेपोतला. त्यानं डालग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चेहरा न हलवता म्हणाला, "ताई, लगेज लागेल." इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले. निमूट पैसे दिले. अख्खी गाडी हसली आणि आतल्या कोंबड्यांनी कालवा केला.

घरी आणून डालगं आईच्या पायाशी ठेवलं आणि लुगडं सोडलं. मी मनात काय काय ठरवलं होतं. ती रडेल, मला जवळ घेईल. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "पाणी दिलंस का त्यांस्नी? येडी का खुळी तू, उन्हातनं आणल्यास." त्या भाताचं सोडलं तर गेल्या थंडीपासूनचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं, आणि ते शिव्या द्यायलाच होतं. मग तिनं वॉकर ओढला आणि उठली. व्यायामाची मुलगी दोन महिने जिच्या मिनतवाऱ्या करत होती ती बाई कुणाचा हात न धरता मागच्या दारापर्यंत गेली.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं सुरू झालं. मी ड्यूटीवरून आले की आई सांगायची, तांबडी कशी दांडगट आहे, चितकबरी कशी बावळट, कुणी कुणाला टोच मारली, वरून कावळा कसा टपून होता. ज्वारी मी आणायची, कण्या ती निवडायची. सोसायटीतली एक मुलगी गॅलरीतून बघायची. अकोल्याकडची, इथं कंपनीत नोकरीला, नुकतीच बाळंत झालेली. एक दिवस भिंतीपाशी बाळाला घेऊन आली. "आजी, आमच्या घरीही होत्या जी कोंबड्या. आवाज ऐकला का मले घरचीच आठवण येते." आई मला म्हणाली, "बोलते येगळंच, पर चांगली हाय पोरगी." रोज दुपारी त्या दोघींच्या भिंतीवरून गप्पा सुरू झाल्या.

मग एका तलंगेचा तुरा वाढायला लागला. शेपटीला बाक आला. आणि एका पहाटे तिनं मान वर करून बांग दिली. भाजीवाल्या बाईनं मला फसवलं नव्हतं, पिल्लू लहान असताना तिलाही कळलं नसावं. पण आता परसात कोंबडा होता आणि सगळ्या सोसायटीला तो ऐकू जात होता. त्याच आठवड्यात चेअरमन आले. पांढरी पँट, हातात गाडीची किल्ली, फाटकाबाहेरूनच बोलले.

"नमस्कार. आपणच का त्या कोंबड्यांच्या मालकीण?"

"माझी आई. मी मुलगी."

"छान. आमच्याकडे अलार्म लावायची पद्धत आहे. आपण उगाच तसदी घेताय."

"तसदी कसली? फुकट देतोय."

"अहो, लोक कंपनीतून उशिरा येतात, पहाटे झोपतात. लहान मुलं आहेत. हे शहर आहे. आपल्याला खेडंच हवं असेल तर खेड्यात जाऊन राहावं माणसानं."

"आम्ही खेड्यातच राहत होतो," मी म्हटलं. "तुम्ही आलात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिकिटाचे सुटे दिले नाहीत. "ठीक आहे. मग रीतसरच बघू," म्हणाले आणि गेले. थोड्या दिवसांनी पालिकेतून एक साहेब आले. तक्रार आली होती, बघणं भाग होतं. त्यांनी खुराडं बघितलं, वास घेतला, माती बघितली, आईला दोन प्रश्न विचारले. स्वच्छता अशीच ठेवा, कोंबड्या बाहेर सोडू नका, आणि कोंबड्याचं तेवढं शेजाऱ्यांशी बसून मिटवा, असं सांगून गेले. माणूस भला होता. पण दादा त्या वेळी घरी होता, आणि सरकारी माणूस आपल्या फाटकातून आत आला हे त्याला लागलं. चेअरमन त्याच्या ओळखीचे, सकाळी बरोबर फिरायला जातात. संध्याकाळी तो खाली आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बास झालं. आईची हौस झाली. आता मी बघतो काय करायचं ते."

मला वाटलं, बोलून दाखवतोय. दुसऱ्या दिवशी मी पहाटे ड्यूटीवर गेले. पुढचं मी बघितलं नाही. वहिनीनं सांगितलं, जिन्यात उभं राहून तिनं सगळं बघितलं होतं. दादानं चिकनच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं होतं. तो स्कूटरला पिंजरा बांधून आला. मागच्या दारानं दोघं परसात शिरले तर आई खुराड्याच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेली, आणि वॉकर दारावर आडवा लावलेला. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. वहिनी म्हणते, रात्री जेवताना ते वर बोलले होते. जिन्यात आवाज जातो.

"आई, ऊठ," दादा म्हणाला. "तमाशा करू नकोस."

"मी कुठं करते? बसले हाय."

"लोकांना त्रास होतोय. घरावर तक्रार आली. अण्णांच्या घरावर आजपर्यंत कधी कुणी बोट दाखवलं नव्हतं."

वहिनी म्हणाली, तुमचं नाव निघाल्यावर आईनं दारावरचा वॉकर हातानं नीट आडवा केला. मग म्हणाली, "बरं. न्यायच्यात ना? पर त्या माणसाकडं देऊ नको. तू बस खाली. तुझ्या हातानं एकेक काप. मी साफ करते, मी शिजवते, तवा केल्यावानी. त्या चेअरमनला बोलव जेवाय. मी वाढते. वाढायला मला येतंय." दादा उभाच. आई म्हणाली, "सुरी आणाय सांगू का आतनं?"

तो लहान होता त्या वेळी, अण्णा. पहिलीत. मला वाटायचं, त्याला आठवत नसेल. पण वहिनी म्हणाली, त्याचा चेहरा पडला आणि तो म्हणाला, "आई, मला माहीतच नव्हतं तुला एवढं..." आई म्हणाली, "इचारलं कवा?" मग त्या पिंजरेवाल्याकडे वळून म्हणाली, "तू का उभा बाबा उन्हात? ये, चहा घे आन् जा." मी दुपारी घरी पोहोचले तेव्हा आई अजून खुर्चीवरच होती, शेजारी रिकामी कपबशी, आणि मला बघून तिनं आधी काय विचारलं असेल तर, "ज्वारी आणलीस का?"

दादा दोन दिवस खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, हातात चण्याच्या डाळीची चुणी होती, कुठूनशी विचारून आणलेली. "ही चालते ना गं त्यांना?" त्यानं मला विचारलं. आईला नाही विचारलं. मी म्हटलं, "आईला विचार." त्यानं विचारलं.

कोंबड्याचा प्रश्न आईनंच सोडवला, आणि माझ्यासारखं भांडून नाही. मी चेअरमनशी कोर्टापर्यंत जायला तयार होते. आई म्हणाली, "अंड्याला कोंबडा लागत न्हाय. लोकांची पोरं उठत्यात. त्या बाईचा तिला परत देऊन ये, तिकडं रानात वरडू दे काय वरडायचं ते." मी त्याला डालग्यात घालून पुन्हा लगेज भरून पानशेत रस्त्यानं घेऊन गेले. भांडण जिंकल्यावर आपणच एक पाऊल मागे घेणं मला जमलं नसतं. ते माझ्यात तुमच्याकडून आलंय.

पहिलं अंडं तांबडीनं दिलं. आईनं ते साडीच्या पदरात धरून मला दाखवलं, अजून गरम होतं. मी लगेच गॅसवर पातेलं ठेवायला निघाले. ती म्हणाली, "मी न्हाय खायची."

"आई, डॉक्टरनं सांगितलंय. आणि ही काही ती अंडी नाहीत. मग एवढी मरमर कुणासाठी केली मी?"

"मी कवा म्हणले मला अंडी पायजेत? कोंबड्या पायजे होत्या. ह्ये मी कुणाला देयाचं त्ये माझं मी ठरवीन." आणि ते अंडं तिनं भिंतीवरून त्या अकोल्याच्या बाळंतिणीला दिलं. आता रोज अंडी निघतात. एक वहिनीला जातं, एक त्या मुलीला, एक सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला. आईच्या पायात ताकद आली ती डाळी-दुधानं आणि दिवसभर परसात येरझाऱ्या घालून. चेअरमनची बायको एकदा डबा घेऊन आली होती, गावठी मिळतील का म्हणून. आईनं तिला गोड हसून सांगितलं, "अजून घालत न्हायत बाई." मागे कोंबडी नुकतीच अंडं घालून ओरडत होती.

हे सगळं तुम्हाला ऐकवताना माझा आवाज चढलाय हे मला कळतंय. चढू दे. तुम्ही होतात तेव्हा मी दाराला टेकून उभी होते, लहान होते. आता मी मोठी आहे आणि तुम्ही उठून जाऊ शकत नाही. हे कुठं पाठवायचं नाही, पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवायचा शहाणपणा मी करणार नाही. आई ऐकेल आणि म्हणेल, "मेलेल्या माणसाशी काय भांडतीस, दाणं टाक."

फक्त एक सांगायचं राहिलं. ते पालिकेचे साहेब आले होते ना, त्यांनी विचारलं, हे कोंबड्यांचं कधीपासून आहे. दादा काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमच्या अण्णांपासून. त्यांना फार नाद होता. सकाळी उठले की आधी परसात." आईनं माझ्याकडे बघितलं, पण खोटं पाडलं नाही. साहेबांनी मान डोलावली. तुमचं नाव मी असं धडधडीत खोटं वापरलं, आणि त्याबद्दल मला काहीही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. बोलता बोलता मला तुम्ही खरोखरच दिसलात, बनियनवर, मुठीत ज्वारी घेऊन, आईच्या शेजारी वाकलेले. आणि ते मला इतकं आवडलं की साहेब गेल्यावरही मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.